परतीचा पाइप

जुन्या डिझेल पिकअपला टर्बो बसवतोय असं पुण्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बूस्ट किती देणार?" म्हणजे टर्बोनं इंजिनात हवा किती दाबानं कोंबणार. खर्च किती, गरज काय, गाडी कुणाची, हे सगळं नंतर. खडकीला किर्लोस्कर, कोथरूडला कमिन्स, पिंपरीला टेल्को, आकुर्डीला बजाज टेम्पो अशी गावाच्या चारी अंगांना इंजिनं बनत आली. त्यांच्या शिफ्टला कुणीच गेलेलं नाही असं घर शोधावं लागतं. त्यामुळे मतं फुकट मिळतात आणि आकड्यांसकट मिळतात. एक म्हणतो आठ पौंड, दुसरा म्हणतो पंधराशिवाय मजा नाही, तिसरा म्हणतो इंटरकूलर, म्हणजे दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी, नसेल तर हात लावू नका. एका लग्नात मठ्ठ्याचा पेला बाजूला सारून एका दूरच्या नातेवाइकांनी मला कागदी रुमालावर कॉम्प्रेसरचा आलेख काढून दिला होता. आलेख बरोबर होता, हेही सांगायला हवं.

पण टर्बोतून बाहेर पडलेलं ऑइल इंजिनात परत कसं नेणार, हे एकानंही विचारलं नाही. माझ्या मते या सगळ्या उद्योगात खरा प्रश्न तेवढाच आहे. दाब काय, कुणीही वाढवतो.

गाडी मामांची. पुरंदर तालुक्यात त्यांची शेती आहे. अंजीर, सीताफळ, हंगामात वाटाणा. माल सासवडवरून दिवे घाट उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो आणि येताना त्याच गाडीत पेंड, खत, कधी सिमेंट असं काहीबाही घाट चढून येतं. टाटामोबाइल ही पिकअप १९८८ साली आली, मामांची त्यातलीच थोडी नंतरची. चार सिलिंडर, ८३ मिलिमीटरचा बोअर, ९० चा स्ट्रोक, म्हणजे १९४८ सीसीचं साधं डिझेल इंजिन. साधं म्हणजे विनाटर्बो, प्री-चेंबरवालं (डिझेल आधी सिलिंडरच्या वरच्या छोट्या खोलीत पेटतं ते), सकाळी हीटर प्लग तापल्याशिवाय न बोलणारं. हेच इंजिन पुढे सिएरात आलं, सुमोत आलं आणि टर्बो लावून १९९८ च्या सफारीत बसलं. मुळात साधारण ६८ अश्वशक्तीचं इंजिन टर्बोमुळे नव्वदच्या घरात गेलं. म्हणजे आम्ही काही जगावेगळं करायला निघालो नव्हतो. ज्या कारखान्यात हे इंजिन घडलं, त्यानंच तो प्रयोग आधी करून, विकून, पुढची इंजिनं काढून विषय बंद केला होता.

तरी करावंसं का वाटलं? डिझेल इंजिनाच्या घशात पेट्रोलसारखी झडप नसते. ॲक्सिलरेटर दाबला की डिझेल वाढतं, हवा तेवढीच येते, म्हणजे मावेल तेवढी. या इंजिनात मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना जास्तीत जास्त २९०० लिटरच्या आसपास हवा शिरू शकते, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. एक किलो डिझेल पुरतं जाळायला रसायनशास्त्राच्या हिशेबानं साडेचौदा किलो हवा लागते, पण सिलिंडरमध्ये हवा आणि डिझेल इतकं नीट मिसळत नाही. त्यामुळे अठरा-वीस किलोच्या खाली गेलं की काळा धूर सुरू. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, म्हणजे इथं हवाच मुंबईपेक्षा पाचेक टक्के पातळ. दिवे घाटाच्या माथ्यावर आणखी पातळ. पेंडीची पोती भरून दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना मामांच्या गाडीमागे जो धूर निघायचा, तो म्हणजे पैसे देऊन घेतलेलं आणि न जळलेलं डिझेल. आणि जे जळतं त्यातलीही साधारण एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते. त्या फुकट जाणाऱ्या वायूवर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात हवा कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरची. पेटंट १९०५ चं. ती चालायला पुढची वीस वर्षं गेली. १९२५ च्या सुमाराला जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना टर्बो लावला तेव्हा १७५० अश्वशक्तीची २५०० झाली. वीस वर्षं का लागली, तर त्या तापमानाला आणि त्या वेगाला टिकणारं चाक आणि बेअरिंगच नव्हतं. ही गोष्ट मला ब्युखीच्या पेटंटपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. कल्पना एका कागदावर मावली होती, अडलं होतं ते बेअरिंगपाशी.

काम मामांच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये करायचं ठरलं. मी राहतो धायरीला. तिथल्या गल्ल्यांमध्ये लेथ, वेल्डिंग, शीट मेटल असं सगळं हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे भाग पुण्यात बनवायचे आणि शनिवार-रविवारी वर न्यायचे. सोबत शेजारचे काका. पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले, फिटर म्हणून लागलेले. काकांनी होकार द्यायला वेळ घेतला. "टर्बो बसवणं दोन दिवसांचं काम आहे," म्हणाले, "पण ते इंजिन टर्बो बसवण्याच्या लायकीचं आहे का, ते आधी मला बघू दे."

ती परीक्षा बघण्यासारखी होती. इंजिन गरम करून चालू ठेवलं, ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवलं. झाकण थरथरलं पाहिजे, उडून पडता कामा नये. उडालं तर समजायचं की पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतोय. मामांचं झाकण थरथरलं, जागेवर राहिलं. मग चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. काकांना आकडा किती यापेक्षा चौघांचे आकडे एकमेकांजवळ आहेत का, याचंच अप्रूप. तिसरा किंचित कमी होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "सहा पौंड. त्याच्यावर मागायचं नाही."

सहा पौंड म्हणजे ०.४ बार. माझ्या सगळ्या बूस्टप्रेमी स्नेह्यांना हा आकडा ऐकून वाईट वाटलं. पण हिशेब पाहा. असल्या प्री-चेंबरच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच वीसला एकच्या वर असतं. आधीच एवढी दाबली जाणारी हवा आणखी दाबून आत सोडली की शेवटचा दाब झपाट्यानं चढतो आणि तो सोसायचा हेड गॅस्केटनं, बेअरिंगनं, पिस्टननं. कारखाना जेव्हा टर्बोची आवृत्ती काढतो तेव्हा सहसा पिस्टन, रिंगा बदलतो, पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलचा फवारा मारणारे जेट बसवतो. बाहेरून टर्बो बोल्ट केला म्हणून आतलं काही बदलत नाही. शिवाय दाब चाळीस टक्के वाढला म्हणजे हवा चाळीस टक्के वाढली असं होत नाही. मे महिन्यातली ४० अंशांची हवा सहा पौंडांनी दाबली की कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना नव्वदीच्या जवळ गेलेली असते. तापली की फुगली. प्रत्यक्षात पदरात पडते वीस टक्के जास्त हवा. इंटरकूलरनं त्यात भर पडते, पण एवढ्या दाबाला त्याचे पाइप, जागा आणि गळती यांचा त्रास फायद्यापेक्षा मोठा, असं आमचं मत झालं. वीस टक्के जास्त हवा म्हणजे घाटात एक गिअर वर. मामांना तेवढंच हवं होतं.

टर्बो आणि त्याचं मॅनिफोल्ड, म्हणजे चारी सिलिंडरचा जळालेला वायू गोळा करून टर्बोत सोडणारा नळ, मिळवण्याची हकिकत लांबवत नाही. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हिंडलो, पण तिथं मिळाले ते फक्त रिंग पाने. मॅनिफोल्ड एका भंगारवाल्याकडे मोडलेल्या टर्बोवाल्या सुमोचं मिळालं आणि ते मिळालं म्हणून बरंच काही वाचलं. नाहीतर बिडाच्या मॅनिफोल्डवर जाड पट्टीचा फ्लँज वेल्ड करायचा म्हणजे निकेलचा रॉड, आधी तापवणं, नंतर राखेत हळूहळू थंड करणं, आणि एवढं करून दोन महिन्यांनी तडा. टर्बो दुरुस्त केलेला घेतला. घेताना काकांनी दांडा बोटांनी हलवून पाहिला. आडवा किंचित हलला तर चालतो, कारण तो ऑइलवर तरंगण्यासाठीच सैल असतो. चाक मात्र कवचाला लागता कामा नये. पुढेमागे सरकलेला जाणवला तर तो टर्बो परत द्यायचा.

आता ऑइल.

टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाच्या वर फेऱ्या मारतो. त्याच्या एका टोकाचं चाक लाल होण्याइतकं तापलेलं असतं, दुसऱ्या टोकाचं ॲल्युमिनियमचं. मध्ये बॉल बेअरिंग नाही, पितळी बुश आहेत आणि बुश व दांड्याच्या मध्ये इंजिनाच्या ऑइलचा पातळ थर. हे ऑइल आणायचं सोपं. ऑइल प्रेशरच्या स्विचपाशी एक टी बसवायची, तिथून बारीक पाइप वर न्यायचा, बँजो बोल्टनं टर्बोला जोडायचा. इंजिनाचा पंप दाबानं ऑइल पाठवतो, वाट कशीही वळवा, ते पोचतंच.

बुशमधून बाहेर पडलं की त्या ऑइलमागे कुणी नसतं. दाब संपलेला, आणि एवढ्या वेगानं फिरणाऱ्या दांड्यावर आपटून ते घुसळलेल्या ताकासारखं फेसाळलेलं. त्याला फक्त उतार ओढून नेतो. म्हणून परतीचा पाइप जाड हवा, येणाऱ्या पाइपच्या कित्येक पट. तो टर्बोच्या बरोबर खालून निघायला हवा, कुठेही आडवा पडता कामा नये, मध्ये खोलगट वाक नको, आणि चेंबरमध्ये शिरायचा तो ऑइलच्या पातळीच्या वर. पातळीच्या खाली शिरला तर उभ्या ऑइलला ढकलत फेसानं आत जायचं, ते जात नाही. मग ते मागे तुंबतं. टर्बोच्या दांड्याला रबरी सील नसतात, पिस्टनसारख्या बारीक लोखंडी रिंगा असतात. बाहेरचा हवेचा नि वायूचा दाब जास्त आणि आतला कमी, एवढ्या फरकावर त्या ऑइल अडवतात. आत ऑइल तुंबलं की ते रिंगा ओलांडून एकीकडे सायलेन्सरमध्ये नाहीतर दुसरीकडे इंजिनाच्या तोंडात जातं. निळा धूर दिसला की लोक म्हणतात टर्बो गेला. बऱ्याचदा टर्बो ठणठणीत असतो, खालचा पाइप दुमडलेला असतो. नवा टर्बो बसवतात, तोही महिन्याभरात तसाच धूर मारतो, आणि मग दुकानदाराशी भांडण.

झाकण थरथरण्याची परीक्षा काकांनी आधी का घेतली, ते इथं कळतं. रिंगा झिजलेल्या असल्या की चेंबरमध्ये वायूचा दाब साठतो आणि तोच दाब परतीच्या पाइपमधून खाली येणाऱ्या ऑइलला सामोरा जातो. दोन गोष्टी एकमेकींपासून लांब दिसतात, पण एकाच नळीनं जोडलेल्या आहेत.

एवढं ऐकून मी पाइपाचा व्यास किती घ्यावा यावर वही उघडून बसलो होतो. काकांनी मला बॉनेटखाली बोलावलं आणि अल्टरनेटरकडे बोट दाखवलं. डिझेल इंजिनाच्या तोंडाशी झडप नसल्यामुळे ब्रेकच्या बूस्टरला लागणारं व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, त्यासाठी अल्टरनेटरच्या मागे छोटा व्हॅक्यूम पंप असतो. त्यालाही इंजिनाचं ऑइल लागतं. त्याच्याकडे जाणारी नळी बोटभर जाडीचीही नव्हती, आणि तिथून चेंबरकडे परत येणारा होज पाइप चांगला जाड, सरळ खाली उतरणारा. इतकी वर्षं मामांच्या गाडीत उत्तर लटकत होतं. "कारखान्यानं करून ठेवलंय," काका म्हणाले, "तू फक्त तोच नियम पाळ."

चेंबर खाली उतरवला, धुतला, डिपस्टिकच्या खुणेच्या वर जागा आखली आणि धायरीत नेऊन त्यावर पाइपाचं तोंड वेल्ड करून आणलं. वेल्ड गळतं का हे बघायला आतून रॉकेल आणि बाहेरून खडू. खडू फासून वाळू द्यायचा, आत रॉकेल ओतून ठेवायचं. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी खडूवर ओला डाग उमटतो. रॉकेल मिळवणं हल्ली रेशनच्या दुकानातही अवघड झालंय, शेवटी मामींनी कुठूनतरी कंदिलासाठी ठेवलेली बाटली काढून दिली. खडू कोरडा राहिला.

पहिल्यांदा सुरू करताना काकांनी एक फळी आणायला लावली. तिच्या एका अंगाला ट्यूबचं रबर ठोकलं. डिझेल इंजिनाला जळायला काहीही चालतं, त्याचं स्वतःचं ऑइलसुद्धा. टर्बोच्या रिंगा ओलांडून ऑइल हवेच्या बाजूनं आत गेलं तर इंजिन त्याच्यावर पळायला लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही, वेग वाढत जातो आणि शेवटी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. अशा वेळी एकच उपाय, हवेचं तोंड बंद करणं. हातानं कधीच नाही, कापड कोंबून नाही, फळीनं. एअर क्लिनरचा पाइप काढून उघड्या तोंडाशी काका फळी घेऊन उभे राहिले. डिझेल पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढून मी नुसता स्टार्टर मारला, थोडा थोडा, थांबत थांबत, म्हणजे डिझेल न जळता फक्त ऑइल फिरेल. टर्बोपाशी परतीचा पाइप सैल सोडलेला होता. तिथून ऑइलचा थेंब पडला, मग धार लागली, मग पाइप आवळला. वायर जोडली. इंजिन सुरू झालं आणि नेहमीसारखंच वाजलं. मामा जरा हिरमुसले. त्यांना विमानासारखा आवाज अपेक्षित होता.

हवा वाढवून डिझेल तेवढंच ठेवलं तर धूर जातो, एक्झॉस्टचं तापमान उतरतं, पण ताकद फारशी वाढत नाही. ताकद डिझेलमध्ये असते. म्हणून डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनवाल्यांकडे न्यावा लागला. ते गृहस्थ टर्बोचं नाव ऐकल्यावर हसले, म्हणाले, पोरं येतात, स्वतःच सील तोडून स्क्रू आत घालतात, धूर निघाला की खूश होतात. त्यांनी पंप टेस्ट बेंचवर लावून डिझेल थोडंच वाढवून दिलं आणि वर झाकण सील केलं. टर्बोच्या मूळ पंपावर बूस्टनुसार डिझेल मोकळं करणारी डबी असते, आमच्यावर नव्हती. म्हणजे टर्बो अजून फिरायला लागलेला नसताना पाय दाबला तर वाढीव डिझेलला पुरेशी हवा नसणार. त्यामुळे वाढ बेताची ठेवण्याला पर्याय नव्हता. पीयूसीच्या चाचणीत नेमकं हेच पकडतात. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत दाबून धूर मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज, म्हणजे के-व्हॅल्यू २.४५. दोन्ही धुराचा दाटपणा मोजायची मापं.

डॅशबोर्डवर दोन मीटर लावले. एक बूस्टचा, आणि दुसरा मॅनिफोल्डमध्ये टर्बोच्या आधी बसवलेल्या थर्मोकपलचा, म्हणजे जळालेल्या वायूचं तापमान दाखवणारा. माझ्या दृष्टीनं दुसरा नसेल तर पहिल्याचा उपयोग फक्त मित्रांना दाखवण्यापुरता. ७०० अंशांच्या वर हा काटा टिकून राहिला की ॲल्युमिनियमच्या पिस्टनचं काही खरं नाही. शेतातल्या खडीच्या चढावर, मागे शेणखत ठासून भरलेलं, दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून वर गेलो तेव्हा काटा सव्वासहाशेच्या आसपास थांबला. बूस्ट सहा पौंडांना थोडं ओलांडत होतं, म्हणून वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, ॲक्चुएटरची कांडी किंचित लांब केली. धूर होता, पण करडा, मागचं बांधावरचं झाड दिसेल इतका.

चढावरून आल्यावर मामांनी सवयीनं चावी फिरवली आणि काका ओरडले. लाल झालेलं टर्बाइन, बंद पडलेला ऑइल पंप आणि बुशमध्ये अडकून जळणारं ऑइल. त्याचा कोळसा होतो आणि तोच कोळसा मग बुश खातो. बंद करण्याआधी मिनिट-दोन मिनिटं इंजिन स्लोवर चालू ठेवायचं, हे टर्बोवाल्या गाड्यांच्या काचेवर छापलेलं असायचं आणि कुणी वाचत नसे. मामा आता हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून, तेवढ्या वेळात फाळका उघडून घेतात.

कायद्याचं इथंच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणी पुस्तकातला तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. सीएनजीसारखं इंधन बदलायला मान्यताप्राप्त किट आहेत, त्यांची ठरलेली वाट आहे. घरी बसवलेल्या टर्बोला तशी तयार वाट नाही. विम्याचाही प्रश्न येतो, अपघात झाला की पहिल्यांदा हेच बघतात. आम्ही लेखी अर्ज केला आहे. त्याच इंजिनाची कारखान्याची टर्बो आवृत्ती होती, हा आमचा मुद्दा. उत्तर येईपर्यंत गाडी शेताच्या खाजगी वाटेवरच चालते, डांबरीवर येत नाही, आणि माल भाड्याच्या टेम्पोतून जातो. उत्तर नाही असं आलं तर चार नट सोडून जुनं मॅनिफोल्ड परत चढवायचं, पंप पुन्हा बेंचवर नेऊन पहिल्यासारखा लावून घ्यायचा, चेंबरच्या तोंडाला बूच मारायचं. चेंबरचं ते एक तोंड सोडलं तर बसवताना काहीही कापलेलं नाही, हे काकांचं धोरण होतं आणि त्याबद्दल त्यांचे आभार. रस्त्यावर जाऊन मग बघू असं म्हणणारे बरेच भेटले. दिवे घाटात वारीच्या काळात केवढी माणसं पायी चढतात हे ज्यानं पाहिलंय, त्यानं तरी असं म्हणू नये.

खरं तर मामांच्या गाडीचं गणित मला एवढं सगळं झाल्यावर उमगलं. भरलेली गाडी घाट उतरते. चढताना पेंड किंवा खत असलं तर असतं, बऱ्याचदा रिकामीच. टर्बोनं वाचणार ती चढणीतली दहा-बारा मिनिटं. हे मी त्यांच्यासमोर बोललो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आरं, चढायची घाई कुणाला हाय? भ्या वाटतं ते उतरायचं." मग आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणे, "तुमी दोघं एवढ्या हौसेनं आला हुता."

अंजिरांचे क्रेट भरलेली गाडी उतारावर सांभाळतात ती गिअर आणि ब्रेक. त्यात टर्बो काही मदत करत नाही. त्यामुळे आता पैसे उरलेत ते ब्रेकवर जाणार आहेत. अल्टरनेटरमागच्या त्या व्हॅक्यूम पंपाचा परतीचा होज, ज्यानं मला शिकवलं, तोच घट्ट होऊन चिरलेला निघाला, तो बदलला. पंपाच्या पात्या झिजल्यात, त्या मागवल्या आहेत. ब्रेकचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते मामांना आठवत नाही आणि त्याचा रंग बघता त्यांचा दोष नाही. मागचे ड्रम उतरवून लेथवर न्यायचे, लायनर नवे लावायचे, व्हील सिलिंडर उघडून बघायचे. हे सगळं नोंदणी पुस्तकाला न दुखवता करता येतं, अर्ज लागत नाही. काकांनी फोनवरच बजावलंय की लायनर आपण न्यायचे नाहीत, ड्रम कापून झाल्यावर मापानं घ्यायचे, आणि मामींना सांगून ठेवायचं की या रविवारी जेवायला दोन माणसं जास्त असतील, कारण त्या लग्नातले नातेवाईकही येणार आहेत. त्यांना बूस्ट मोजायचंय.